खायचा सोडा आणि प्रमुख पाहुणे

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे खायचा सोडा मिळत नाही. घरोघरी ढोकळे होत असतात असं नाही. शाळाशाळांत ज्वालामुखी पेटायचे असतात. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. प्रकाशाच्या विकिरणाबद्दलचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली याच तारखेला जाहीर केला. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि १९८७ पासून आपल्याकडे या दिवशी विज्ञान प्रदर्शनं भरू लागली.

आदल्या दिवशी, २७ला, मराठी भाषा गौरव दिन. त्यामुळे शाळांची मोठीच सोय होते. मांडव तोच, समई तीच, पाहुणे तेच. कुसुमाग्रजांचा फोटो खुर्चीवरून उतरतो आणि तिथे रामन बसतात. एका पाहुण्यांनी तर ‘काल कुसुमाग्रजांची जयंती, आज रामनसाहेबांची’ असं माइकवरून ठणकावलं. टाळ्या पडल्या. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबरचा, पण हार गळ्यात पडल्यावर कोण तक्रार करतो? मग ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध भाषणरूपाने झाला. निकाल नेहमीप्रमाणे ‘ते आपल्यावर अवलंबून आहे’ असा लागला. १९२१ साली बोटीवरून परत येताना रामन यांना ‘समुद्र निळा का?’ हा प्रश्न पडला होता आणि ‘आकाशाचं प्रतिबिंब’ हे तयार उत्तर त्यांना पटलं नव्हतं, एवढं एक सोडून पाहुण्यांनी सगळं सांगितलं.

मी या प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जातो. त्यासाठी माणूस बी.एस्सी. झालेला आणि दुपारी मोकळा असावा लागतो. पैकी पहिल्या अटीचा फारसा आग्रह नसतो.

पहिल्याच टेबलावर जेसीबी असतो. सिरिंजा, सलाइनची नळी, रंगीत पाणी आणि पुठ्ठा. एकीकडची सिरिंज दाबली की दुसरीकडे सोंड उचलली जाते. ज्या राज्यात मिरवणुकीतला गुलालसुद्धा जेसीबीतून उधळतात, तिथे हे यंत्र मुलांना प्रिय असणारच. “हे चालतं कशावर?” मी विचारलं. “पास्कलच्या नियमावर.” “काय आहे तो नियम?” “सर, नियम माझ्या जोडीदाराकडे आहे. तो डबा खायला गेलाय.”

शेजारी ‘प्लास्टिकमुक्त गाव’. घरं, झाडं, विहीर, गाय, सरपंच, सगळं थर्मोकोलचं. राज्यात थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर २०१८ साली बंदी आली. हे गाव बहुधा त्याच्या आधी वसलेलं असावं.

त्यापुढे आपोआप उघडणारी कचरापेटी. हात जवळ नेला की सेन्सरला कळतं आणि झाकण उघडतं. मी हात नेला. झाकण ढिम्म. मुलाने मागे पाहिलं. मागे उभ्या असलेल्या वडिलांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, दोन वायरी हलवल्या आणि मला म्हणाले, “सकाळी घरी चालत होतं हो!” मुलगा एकटक कचरापेटीकडे बघत होता. त्यालाही ती पहिल्यांदाच दिसत असावी.

आणि मग ज्वालामुखी. सहावीतली एक मुलगी, दोन वेण्या, पुढ्यात मातीचा डोंगर. “नमस्कार, माझ्या प्रतिकृतीचे नाव आहे...” पाठांतराची ही गाडी मध्ये थांबवली तर पुन्हा पहिल्या स्टेशनापासून निघते, म्हणून मी गप्प राहिलो. तिने सोड्यावर व्हिनेगर ओतलं, लाल फेस उतारावरून वाहिला आणि टेबलक्लॉथवरच्या शाळेच्या नावापर्यंत पोचला. “हा कार्बन डायऑक्साइड वायू,” ती म्हणाली. बरोबर होतं.

“खरा ज्वालामुखी कुठे असतो?”

“जपानला.”

“आणि तू उभी आहेस तो खडक कुठून आला?”

हे तक्त्यावर नव्हतं. मी सांगितलं, हा काळा पत्थर म्हणजे थंड झालेला लाव्हाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे थरावर थर साचत गेले. म्हणून तर सह्याद्रीचे कडे पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. अजिंठा आणि वेरूळची लेणी कोरली तीही याच दगडात.

तिने चपलेने जमीन ठोकून पाहिली. मग विचारलं, “मग याचं तोंड कुठंय?”

एवढ्या वर्षांत कुणा पाहुण्यांनी हा प्रश्न विचारलेला नाही. तोंड नाहीच! आपल्याकडचा बराचसा लाव्हा शंकूच्या टोकातून उसळला नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वाहत आला. “म्हणजे डोंगर करायलाच नको होता,” ती म्हणाली, “नुसती फट पुरली असती.” बाई घाईघाईने पुढे आल्या आणि म्हणाल्या, “सर, पुस्तकात डोंगरच आहे.”

पहिला क्रमांक कचरापेटीला मिळाला. मी वेगळे गुण दिले होते, पण बक्षीस पाहुण्यांच्या हस्ते असतं आणि पाहुण्यांसाठी झाकण वेळेवर उघडलं.

अशी प्रश्नांची हौस बघायची तर नारायणगावजवळच्या खोडदला जावं. तमाशाच्या या पंढरीशेजारी गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. विज्ञान दिनाला तिथली दारं सर्वांसाठी उघडत आली आहेत. शाळांच्या सहली येतात, आजूबाजूचे शेतकरी येतात. “यावर मॅच दिसते का?” असं कुणीतरी हमखास विचारतं, आणि ते हसण्यावारी न नेता समजावून सांगणारा शास्त्रज्ञही भेटतो.

तेव्हा यंदा जवळच्या शाळेत प्रदर्शन भरलं तर जरूर जा. पालक असाल तर स्क्रू ड्रायव्हर घरी ठेवा. पाहुणे असाल तर भाषण पाच मिनिटांत आटपा. आणि कुणीही असाल तरी, तक्त्यावर ज्याचं उत्तर नाही असा एक प्रश्न मुलांना विचारा. मुलं उलट प्रश्न विचारतील. त्याचं उत्तर जोडीदाराकडे आहे, असं मात्र सांगू नका.