मीटिंगवाला

एखादा माणूस बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी केळींच्या रांगेसमोर उभा राहून हातवारे करत इंग्रजी झाडताना दिसला, तर त्याला वेड लागलंय असं समजू नये. तो मीटिंगवाला. नालासोपाऱ्याजवळच्या आमच्या वटार गावात प्रत्येक आळीत हल्ली एक तरी सापडतो. घरात दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं तरी मोबाईलला पूर्ण रेंज मिळते ती बावखलापाशीच. ज्या पाण्यावर आजोबांनी रहाट फिरवून पानवेली आणि केळी जगवल्या, त्याच्या काठावरून नातू आता बोस्टनच्या साहेबाला आकडे समजावतो. बेडकांबद्दल साहेबाने एकदा विचारलं, तेव्हा ‘पार्श्वसंगीत आहे’ असं त्याने सांगितलं म्हणे.

२२ मार्च २०२०च्या मध्यरात्री लोकल थांबली आणि हा प्राणी जन्माला आला. तोपर्यंत तो साधा पासधारक होता. रिक्षाने नालासोपारा, तिथे विरारहून आधीच भरून आलेल्या डब्यात घुसायचं, आणि डब्यातल्या भजनी ग्रुपने मेहरबानी केली तर चौथी सीट. चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर एका मांडीने बसून दुसरी मांडी हवेत तोलणे. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. त्यातले बहुतेक याने अर्ध्या बैठकीवर काढलेले.

तेव्हा घरून काम म्हटल्यावर याने पहिल्यांदा काय घेतलं असेल? खुर्ची. कमरेला उशी, मानेला आधार, खालीवर करायचा दांडा, सगळं असलेली. खोक्यावरच्या चित्रातला माणूस तिच्यात रेलून हसत होता. आमचा मीटिंगवाला मात्र आजही तिच्या डाव्या कडेवर एका मांडीने बसतो. उरलेली जागा कुणासाठी सोडलीय ते त्यालाही सांगता येत नाही. दुपारी त्या जागेवर आजी येते आणि मोगऱ्याच्या कळ्या निवडते. दांडा ओढून खाली-वर व्हायला तिला फार आवडतं.

ऑफिसची खोली असावी, तिला दार असावं, वेळ ठरलेली असावी, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. आधी त्याने माळ्यावर टेबल लावलं. एप्रिलमध्ये कौलांखाली लॅपटॉप आणि माणूस दोघेही तापून बंद पडायला लागले, म्हणून तो पडवीत उतरला. पडवीला दार नाही, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याने विचारपूस केल्याशिवाय पुढे जायचं नाही हा गावचा रिवाज. शेवटी मधली खोली मिळाली. तिच्यात फक्त देव्हारा, शिलाई मशीन, तांदळाचं पिंप आणि धाकटी बहीण एवढंच होतं.

१९७३ साली अमेरिकेत जॅक निल्स यांनी ‘टेलिकम्युटिंग’, म्हणजे ऑफिसला न जाता दुरून काम, ही कल्पना मांडली, तेव्हा रस्त्यावरची वाहतूक कशी घटेल याचा हिशेब केला होता. वटारमधली काकू त्या हिशेबात नव्हती. काकूचं गणित सरळ आहे: जो घरी आहे तो रिकामा आहे.

“बाळा, बसलाच आहेस तर सिलिंडर उतरवून घे.”

“काकू, मीटिंगमध्ये आहे.”

“मग मी कुठे बोलायला सांगत्ये? हातच लाव.”

गेल्या पावसाळ्यापर्यंत आळीतलं प्रत्येक पार्सल, प्रत्येक शाळेची फी, प्रत्येक म्हातारीचं आधार कार्ड त्याच्याच टेबलावरून गेलं. वारं सुटलं की लाइट जाते. मग इन्व्हर्टरवर शेजारच्या चार मोबाईलचे चार्जर लागतात आणि राउटर बिचारा शेवटी. तरी कंपनीचं काम तो वेळेत द्यायचा हे मान्य केलं पाहिजे. फक्त ते रात्री अकरानंतर व्हायचं, आजी झोपल्यावर, खुर्ची मोकळी झाल्यावर.

लोकलला शिव्या घालणारा हा माणूस मनातून हळवा झाला होता. सकाळी नेहमीच्या गाडीच्या वेळेला पाठीला सॅक लावून तो वाडीला एक फेरी मारायचा आणि मगच टेबलाशी यायचा. ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर भजनाचा व्हिडिओ आला की कॅमेरा बंद करून टाळ धरल्यासारखे हात हलवायचा.

मग कंपनीने फर्मान काढलं: आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात हजर व्हा. त्याने लोकांसमोर कपाळावर हात मारला आणि त्याच संध्याकाळी पास काढून आणला. आता तो तक्रारीच्या सुरात सांगतो, की सलग, न थांबता, कुणी हाक न मारता असं काम त्याच्याकडून होतं ते फक्त बोरिवली ते चर्चगेट. एका हातात कडी, दुसऱ्यात मोबाईल.

पहिल्या सोमवारी इस्त्रीच्या कपड्यांत, डबा घेऊन तो रिक्षाची वाट बघत उभा होता. काकूने अंगणातून त्याला पाहिलं आणि झाडू थांबवून विचारलं, “लागली का रे बाबा एकदाची नोकरी?”