काका, ॲडमिन कोण?

ॲडमिन होण्याची हौस नाशिककरांना कमी नाही. ग्रुपवरून कुणाला काढायचं, पाणी भरण्याच्या वेळेवरचे मेसेज किती झाले, यावर कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत सोसायट्यांमध्ये कडाक्याचे वाद होतात. पण घरात टीव्हीमागे दिवे मिचकावत बसलेल्या राउटरचा ॲडमिन कोण, असं विचारा. मालक डोकं खाजवतो. ‘तो मुलगा बसवायला आला होता ना, त्याला माहीत असेल.’

त्या मुलाने भिंतीला भोक पाडून वायर ओढलेली असते आणि मालकाचाच मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून देऊन तो पुढच्या घरी गेलेला असतो. शिवाय तो पासवर्ड फक्त वायफायचा. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायला दुसरा लागतो, आणि बऱ्याच घरांत तो कारखान्यातून आला तसाच असतो: नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन.

पत्ता तरी सोपा असावा. पंचवटीत पाहुण्याला देऊळ, पार, मग उजवीकडचा बोळ, असं करत घरापर्यंत आणावं लागतं. राउटर मात्र बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ वर, नाहीतर १९२.१६८.०.१ वर भेटतो. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजानुसार हे आकडे खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत, त्यामुळे सातपूरला जो पत्ता तोच शिकागोला.

तरी एखादे निवृत्त काका रविवारी मनावर घेतात, तेव्हा दुपार जाते. एकच्या जागी इंग्रजी एल पडतो आणि ब्राउझर भलतीकडेच नेतो. पत्ता जमलाच तर ‘सुरक्षित नाही’ अशी ताकीद, कारण राउटरचं पान बहुधा साध्या एचटीटीपीवर चालतं. मोबाइलचा कीबोर्ड ॲडमिनचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो. राउटर ते मान्य करत नाही. खालच्या स्टिकरवरची अक्षरं इतकी बारीक, की फोटो काढून मोठा करूनच वाचावी लागतात. शेवटी टाचणीने रिसेटचं भोक दाबलं, की ॲडमिन चालू आणि इंटरनेट बंद! जोडणीसाठी कंपनीने दिलेलं पीपीपीओईचं नाव आणि पासवर्डही त्यात पुसले गेले. पुन्हा त्या मुलालाच फोन.

‘काका, रिसेट कशाला मारलं?’

या ॲडमिन-ॲडमिनवर २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने चैन केली. असे साठेक ठरावीक पासवर्ड लावून त्याने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) कंपनीवर मारा केला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्सही अनेकांना उघडेनात. मिराई लिहिणारे कॉलेजच्या वयाची पोरं निघाली. २०१७ च्या जुलैत आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो मोडेमना फटका बसला, आणि मूळ पासवर्ड बदला, असं ग्राहकांना सांगावं लागलं. कॅलिफोर्नियात तर २०२० पासून सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन असा माल विकायला कायद्यानेच बंदी आहे.

मुलगा आलाच आहे, तर चहा होईपर्यंत त्याच्याकडून ॲडमिनचा पासवर्ड बदलून घ्यावा, बाहेरून राउटर चालवायची सोय बंद करावी, फर्मवेअर अपडेट करावं. दहा मिनिटांचं काम. नवा पासवर्ड काकू कालनिर्णयवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवतात. जागा वाईट नाही. परदेशातल्या चोराला नाशिकच्या स्वयंपाकघरातली भिंत दिसत नाही. फक्त डिसेंबरअखेर जुनं कॅलेंडर रद्दीत टाकण्याआधी काकांनी ते पान एकदा बघावं.