पावतीपुरते मालक

गिरगावातील एखाद्या जुन्या चाळीच्या चौकात हातात छत्री, काखेत दप्तर आणि तिसऱ्या मजल्यावरील एका कुलपावर खिळलेली दृष्टी, अशा थाटात जे वयोवृद्ध गृहस्थ उभे असतात, त्यांस नवखा माणूस कोर्टाचा बेलिफ समजतो. वस्तुतः ते त्या इमारतीचे मालक असतात. सरकारदप्तरी, घरपट्टीच्या बिलावर आणि भाडेपावतीच्या तळाशी त्यांचे मालकपण निर्विवाद असते. वाद असतो तो फक्त इमारतीविषयी.

इतरांच्या आयुष्यात जन्म, मौंज, विवाह या तिथींस जे स्थान असते, ते मालकांच्या आयुष्यात १ सप्टेंबर १९४० या तारखेस आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने त्या दिवशीचे भाडे आधारास धरून प्रमाणभाडे ठरविले. त्यामुळे महायुद्धाच्या धामधुमीत, त्या रविवारी, तीर्थरूपांनी कोणा स्नेह्यास भिडेखातर दोन रुपये कमी लावले असतील, तर ती भीड पुढे पिढ्यान् पिढ्या कायद्याच्या बळावर चालू राहिली. तांदूळ, सोने, सिमेंट आणि सुताराची मजुरी ही सारी काळाबरोबर चालती झाली. भाडे मात्र त्या रविवारची सुट्टी अद्याप भोगीत राहिले.

हे भाडे घेणे हेही सोपे कर्म नव्हे. घ्यावे, तर भाडेकरूचे जुने अपराध आपणच पदरात घातले असे ठरेल, ही वकिलांनी घातलेली धास्ती. न घ्यावे, तर भाडेकरू मनिऑर्डर करतो, मालक ती बाणेदारपणे परत पाठवितात, आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मिरविणारा तोच कागद, भाडेकरू भाडे देण्यास सदैव तयार व राजी होता याचा पुरावा म्हणून, पुढे कोर्टात दाखल होतो.

आता त्या कुलपाविषयी. भाडेकरूने सबळ कारणावाचून जागा सलग सहा महिने वापरली नाही, तर तिचा ताबा मागता येतो, हे कलम मालकांस रामरक्षेइतके मुखोद्गत असते. म्हणून शिमग्यास कोकणात गेलेले बिऱ्हाड श्रावण लागला तरी परतले नाही, की मालकांच्या चर्येवर तेज चढू लागते. ते वहीत दिवस मांडतात, शेजाऱ्यांस ‘नाना बरे आहेत ना तिकडे?’ असे वरवर सहज विचारतात, आणि ऐन गणपतीच्या तोंडावर नानांचा कोणी भाचा वळकटी घेऊन अवतरतो, गॅलरीत पंचा वाळत घालतो व स्टोव्ह पेटवितो. तथापि मालक खचत नाहीत. वहीचे पान उलटून ते भाच्याची नोंद ‘पोटभाडेकरू’ या सदराखाली करतात.

भाडेकरू निवर्तल्याची वार्ता येताच प्रथम धावून जाणारेही मालकच. त्यांचा शोक खरा असतो, कारण इतकी वर्षे ज्याच्याशी मनापासून भांडलो तो गेल्याने आयुष्य रिकामे होते. परंतु मृताबरोबर राहणारा कुटुंबीय त्याच्यामागे भाडेकरू होतो हे ठाऊक असल्यामुळे, खोलीतील रडणाऱ्यांपैकी रेशनकार्डावरचे कोण आणि नुसते नातलग कोण, याची गणती त्यांचे डोळे ओल्या अवस्थेतच करीत असतात.

मालकांची खरी कर्मभूमी म्हणजे धोबीतलावाजवळील लघुवाद न्यायालय. धाकट्या चिरंजीवांच्या विवाहासाठी दोन खोल्यांची ‘रास्त व प्रामाणिक गरज’ आहे असा त्यांचा दावा; परंतु गरज सिद्ध होऊन भागत नाही, निकालाने अधिक हाल कोणाचे होतील हेही कोर्ट पाहते. तेव्हा लग्नकार्यात एकमेकांस ऐश्वर्य दाखविणारे हे दोन पक्ष तेथे दारिद्र्याच्या चुरशीत उतरतात. मालक कोपरावर ठिगळ लावलेला कोट घालून, आपल्या दोन खोल्यांत अकरा माणसे निजतात असे शपथेवर सांगतात. भाडेकरू सासूच्या दम्याचे सर्टिफिकेट काढतो. तारखांमागून तारखा पडत असता चिरंजीव कर्ज काढून डोंबिवलीस जागा घेतात, आणि ही शुभवार्ता प्रतिपक्षाचा वकील ‘दाव्यानंतरची घटना’ म्हणून तत्परतेने नमूद करवितो. मुलाचे घर होणे हा बापावर कोसळलेला अनर्थ असू शकतो, हे ज्ञान मालकांस त्या दिवशी होते.

एरवी भाडेकरूंस ज्याचा विसर पडतो, ते मालकपण जिन्याची पायरी निखळताच सर्वांस एकदम आठवते. ‘मालक, घर तुमचे, तुम्ही बघा!’ असा एकमुखी ठराव होतो. धोकादायक इमारतीबद्दल महापालिका कलम ३५४ ची नोटीस बजावते, ती मालकांवर. जिना दुरुस्त करावा तर मजल्याचे कैक वर्षांचे भाडे त्यात गडप होते. न करावा आणि कोणाच्या डोक्यावर गिलावा पडावा, तर फौजदारी. अखेरीस दुरुस्ती मंडळ लाकडी टेकू लावून जाते, आणि मुले त्यांचा स्टंप म्हणून उपयोग करू लागतात.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठलेली भाडी गैरवाजवी ठरविली, ३१ मार्च २००० रोजी नवा कायदा अमलात आला आणि त्याने वार्षिक ४ टक्के वाढ दिली, तेव्हा मालकांनी चाळीत पेढे वाटले. रात्री हिशेब करता २५ रुपयांच्या खोलीमागे भाडे १ रुपयाने वाढणार असे निघाले, आणि पेढ्यांचा खर्च वसूल होण्याचा योग नातवाच्या कुंडलीत गेला.

इतके असून मालकांच्या तोंडून त्या कायद्याची मनःपूर्वक स्तुतीही ऐकू येते. मात्र ती गिरगावात नव्हे, दादरला. कारण अकरा माणसांच्या त्या दोन खोल्या दादरला दुसऱ्याच्या चाळीत असून तेथे मालक स्वतः वडिलांच्या वेळेपासूनचे भाडेकरू आहेत. ‘तुमची अख्खी चाळ आहे की गिरगावात!’ असे तेथील घरमालक म्हणाले, की हे शांतपणे उत्तरतात, ‘आहे ना, पण तीत भाडेकरू राहतात.’ दरमहा पाच तारखेस ते गिरगावातील नानांची मनिऑर्डर नाकारतात, आणि सहा तारखेस आपल्या घरमालकाने नाकारलेल्या मनिऑर्डरीचा कागद फाइलीस जपून लावतात.