बापूंचे तीन इंच

बापूंशी गप्पा हवेवरून सुरू होतात. आपल्याला वाटतं, पावसापाण्याचं विचारताहेत. तेवढ्यात "किती ठेवता?" असा थेट प्रश्न येतो. हवा म्हणजे टायरमधली. "पंपावरचा पोरगा भरतो तेवढी," असं कुणी म्हणालं की उघड्यावरचं सरबत पिणाऱ्या पोराकडे डॉक्टरनं पाहावं तसे बापू पाहतात, खिशातून गेज काढतात आणि समोरच्याच्या गाडीपाशी उकिडवे बसतात. पन्नाशीला टेकलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीपाशी असा बसलेला दिसला, तर तो एक तर पंक्चरवाला असतो किंवा बापू.

आमच्या सोसायटीत राहतात म्हणून त्यांना आम्ही बापू म्हणतो. नाशकात, कोल्हापुरात, मडगावात त्यांना कुणी दादा म्हणत असेल, कुणी सर. नाव गावागणिक बदलतं, गाडी वर उचलायची ऊर्मी तीच. बापू दिवसा हिंजवडीतल्या एका कंपनीत खुर्चीवर बसतात. खुर्चीचीही उंची त्यांनी शेवटच्या खाचेपर्यंत वाढवलेली आहे, असं त्यांच्या हाताखालची मुलं सांगतात.

इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली भारतात आली. पुढे पाच माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा, चारही चाकांना ताकद. बापूंनी धडधाकट सेदान विकून ती घेतली. घरात सांगितलेलं कारण, "गावाकडून तांदूळ आणता येतील." बापूंच्या वाट्याला गावाकडून वर्षाला दोन पोती तांदूळ येतो आणि तो इतकी वर्षं सेदानच्या डिकीतून येत होता, ही गोष्ट वहिनींनी त्या वेळी बोलून दाखवली नाही. पुढे सवडीनं दाखवली.

गाडी आली तेव्हा तिला २४५/७० आर १६ मापाचे टायर होते. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना ते चांगले दणकट दिसले असते. बापूंना ते "बारीक" वाटले. मग ते २६५/७५ वर गेले. बाजू म्हणजे काय, रुंदीच्या किती टक्के ती धरायची, रिमचा व्यास इंचात आणि रुंदी मिलिमीटरमध्ये का, हे त्यांनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, पाण्याच्या टँकरचा विषय चालू असताना, समजावून सांगितलं. जुना टायर उभा केला तर ७४९ मिलिमीटर, नवा ८०४. म्हणजे ५५ची वाढ. पण चाक मधोमध धरलेलं असतं, तेव्हा निम्मी वाढ वरच्या बाजूला जाते आणि गाडी उचलली जाते सत्तावीस मिलिमीटर. जेमतेम एक इंच. चार टायरच्या पैशांत मिळालेला हा इंच बापूंनी पोटच्या पोरासारखा जपला. आल्यागेल्याला ते गाडीखाली वाकायला लावत. "पाहिलंत?" आपण पाहावं. खाली अंधार असे.

नव्या टायरची नक्षी खोल आणि ठोकळ्याठोकळ्यांची. चिखलात ती माती धरते आणि झटकते. डांबरावर मात्र ती गाते. ताशी ऐंशीच्या पुढे केबिनमध्ये असा घूं घूं आवाज भरतो, की महामार्गावरून आईला फोन केला तेव्हा आईनं विचारलं, "विमानात बसलायस का रे? कळवलं नाहीस!"

मीटरही बिघडला. बिघडला म्हणजे त्याला कुणी काही सांगितलंच नाही. तो जुन्या टायरच्या हिशेबानं चाकाचे फेरे मोजत राहिला, त्यामुळे काटा ऐंशीवर असला की गाडी प्रत्यक्षात शहाऐंशीनं धावते, आणि शंभर किलोमीटर गेलं तर मीटर सात कमी दाखवतो. ॲव्हरेज पडलं, अशी वहिनींनी तक्रार केली, तेव्हा बापूंनी आलेल्या आकड्याला १.०७ नं गुणून ते बरंच वर आणलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, पंपावर पैसे देतानाही असंच काहीतरी करा ना."

आता मोठा टायर म्हटलं की तो घासणार. चाक पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला खर्र असा आवाज व्हायचा. दुसरा कुणी असता तर वळताना थोडं कमी वळला असता. बापू गॅरेजवाल्या वस्तादांकडे गेले.

वस्ताद बोलायला कंजूष. त्यांनी चाक वळवून पाहिलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "जुने टायर टाका." बापू हसले. हा माणूस विनोद करतो, असं त्यांना अजूनही वाटतं. मग ठरलं ते दोन इंचांचं लिफ्ट किट. पुढच्या बाजूला जाड स्प्रिंग आणि नवे शॉकॲब्सॉर्बर, मागे नवे कमानपाटे. ऑस्ट्रेलियात लोक अशा गाड्या घेऊन माणूस दिसणार नाही अशा वाळवंटात महिनामहिना जातात. मागे पाण्याच्या टाक्या, फ्रिज, तंबू, दोन सुटी चाकं. तिथले पाटे वजनाप्रमाणे निवडतात: रिकामी गाडी, मध्यम भार, कायमचा जड भार. बापूंनी क्षणाचाही विचार न करता जड भाराचे निवडले. "पुढेमागे विंच लावू, टाकी बसवू, तेव्हा लागेलच." बापूंच्या सगळ्या खरेदीला हे 'पुढेमागे' पुरतं.

पाटे बसले आणि गाडी दोन इंच वर आली. टायरचा एक, पाट्यांचे दोन: तीन इंच. वस्तादांनी एवढंच सांगितलं, की मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा फक्त टायरनं उचलला जातो, पाटे त्याच्या वर बसतात. तेव्हा दगड लागायचा असेल तर गोळ्याला तो पहिल्या एका इंचाच्याच हिशेबानं लागेल. बापूंनी हे ऐकलं नाही. गाडीच्या उंचीबद्दल त्यांना जे ऐकायचं असतं, तेवढंच ते ऐकतात.

खरी गंमत स्पीडब्रेकरवर सुरू झाली. जड भाराचे पाटे, आणि हौद्यात एक ताडपत्री. मागचा भाग असा उडायचा, की मागे बसलेल्या माणसाचं डोकं छताला टेके आणि जीभ दाताखाली सापडे. पाटे दबतच नव्हते. त्यांना दबायला काही मिळतच नव्हतं. बापूंनी विचार केला आणि सोसायटीच्या रंगकामाची वाळू उरली होती तिच्या पाच गोण्या भरून हौद्यात ठेवल्या. गाडी एकदम मऊ झाली. तेव्हापासून त्या पाच गोण्या बाणेर ते हिंजवडी आणि हिंजवडी ते बाणेर असा रोज प्रवास करतात. लोक ओझ्यासाठी पाटे घेतात, बापूंनी पाट्यांसाठी ओझं घेतलं.

मग एकातून एक निघत गेलं. गाडी वर गेली तसे पुढच्या एक्सलचे सांधे तिरके झाले, म्हणून डिफरन्शियल खाली घ्यायचं किट आलं. चाकांचा कोन फिरला, म्हणून वरचे आर्म बदलले, अलाइनमेंट झालं. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जायला लागले, म्हणून ते खाली वळवले. घाटात मोठं चाक ओढताना गाडी एक गिअर खाली मागू लागली. आईला गाडीत चढता येईना, म्हणून प्लास्टिकचं स्टूल आलं. स्टूल बरं दिसेना, म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी पायऱ्या आल्या. पायऱ्या दारांखाली लोंबतात. तीन इंचांमधला मोठा वाटा त्यांनी परत नेला. वस्तादांनी टेप लावून हे दाखवायचा प्रयत्न केला, तर बापूंनी टेपच चुकीच्या जागी धरलाय असं सांगितलं.

बापूंच्या देवघरात बॉब चँडलर आहेत. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या या गृहस्थांनी आपल्या १९७४च्या फोर्ड एफ-२५० पिकअपला मोठे टायर बसवले. टायरच्या ओझ्यानं एक्सल मोडू लागले, म्हणून लष्करी गाड्यांचे जाडजूड एक्सल घातले. एक्सल जाड झाले, तसे आणखी मोठे टायर बसवता आले. असं करत ती गाडी 'बिगफूट' झाली आणि १९८१ मध्ये एका शेतात दोन भंगार मोटारी चिरडत त्यांच्यावरून पलीकडे गेली. बापू ही कथा सांगताना उभे राहतात. वहिनींनी ती एकदा शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "मग थांबले कुठं ते?"

कायदा मात्र बापूंच्या बाजूनं नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या, कारखान्यानं ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत फेरबदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं तर अशा प्रत्येक फेरबदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही ठेवलं. 'प्रत्येक' हे वाचून वहिनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडायला बसल्या. टायर, स्प्रिंग, पाटे, आर्म, पायऱ्या. "चार टायर म्हणजे चार फेरबदल की एक?" त्यांनी विचारलं. बापू म्हणाले, "हे फेरबदल नाहीत, ही सुधारणा आहे." वहिनींनी सुधारणेपुढे ५००० लिहिले.

आमच्या गल्लीत महापालिकेनं पाइप टाकायला खणलं आणि मातीचा ढीग तसाच सोडला, तेव्हा अख्ख्या वॉर्डात आनंद झालेला एकमेव नागरिक म्हणजे बापू. सकाळी त्यांनी एक पुढचं चाक अलगद ढिगावर चढवलं, गाडी वाकडी उभी केली, खाली उतरून चाक आणि मडगार्ड यांच्यात बोटं घालून पाहिली आणि चारी बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढले. मागे शाळेची व्हॅन, दूधवाला आणि कचऱ्याची घंटागाडी खोळंबली होती. घंटागाडीचं गाणं त्या व्हिडिओतही ऐकू येतं.

एका पावसाळी रविवारी जुन्नरकडच्या कच्च्या रस्त्यावर बापूंबरोबर जायचा योग आला. पुढे लाल चिखलाचा चढ. बापूंनी गाडी थांबवली. हातमोजे चढवले. चारही टायरमधली हवा विसापर्यंत उतरवली, कारण हवा कमी झाली की टायर पसरतो आणि पकड वाढते. हे खरंच आहे. गोल बटण खालच्या फोरव्हीलवर फिरवलं. पायी चढून रस्त्याची पाहणी केली. परत येऊन पाणी प्याले. एवढ्यात मागून बोलेरो पिकअप आली. टोमॅटोच्या क्रेटांचा थर केबिनच्या वर, दोन चाकांची ताकद, टायरची नक्षी पुसत आलेली, चालकाच्या पायात स्लिपर. त्यानं मान बाहेर काढून विचारलं, "काय झालं पाहुणं? बंद पडली का?" उत्तराची वाट न बघता त्यानं चढाला थोडा वेग घेतला, मागचं टोक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झालं आणि टोमॅटो पलीकडे गेले. बापू त्याच्या मागच्या चाकांकडे पाहत होते. "दोन जादा पाटे टाकलेत त्यानं," ते कौतुकानं म्हणाले. बापूंना कुणाचा हेवा वाटत नाही. गाडीखाली काही बदललेलं असलं की तो माणूस त्यांचा झाला.

त्या चढावरून बापूही गेले, आणि अगदी डौलात गेले. गाडी तेवढ्यासाठी जितकी लागते त्याच्या दुप्पट समर्थ होती. वर पोचल्यावर त्यांनी छोट्या कंप्रेसरनं चारी टायर पुन्हा भरले. हवा उतरवायला आणि भरायला लागलेल्या वेळात पुढच्या गावची मिसळ संपली. बापूंना त्याचं काहीच नव्हतं. त्यांना चढ नको असतो, चढाची तयारी हवी असते. आणि तयारीला रस्ता किती का लहान असेना, चालतो.

परवा वहिनींच्या भावाचं लोखंडी कपाट न्यायचं होतं. घरात पिकअप असताना कपाटाला टेम्पो कशाला, म्हणून चौघे पुढे सरसावले. पण हौद्याचा तळ तीन इंच वर गेलेला, कपाट आडवं धरून तिथवर उचलायचं म्हटलं तर खांद्याच्या वर हात जात होते. वर चढवलं असतं तरी वाळूच्या गोण्या आडव्या. गोण्या काढा म्हटल्यावर बापू म्हणाले, "मग कपाट हाडं मोडेपर्यंत उडेल." वहिनींनी एक अक्षर न बोलता फोन लावला आणि छोटा हत्ती आला. बारा इंची चाकं, हौदा कमरेएवढा. कपाट दोन मिनिटांत आत गेलं.

चालक दोर बांधत होता, तेव्हा बापू त्याच्या चाकापाशी उकिडवे बसले. टायरचं माप वाचलं, बोटानं अंतर मोजलं आणि समजावू लागले: एक माप वरचा टायर इथं सहज बसेल, मागे एकेक पाटा वाढवला तर गाडी किती वर येईल, खड्ड्यांत कशी चालेल. चालक दोर सोडून मन लावून ऐकत होता. बापूंना इतका चांगला श्रोता कधी मिळाला नव्हता.

"एवढं सगळं केलं," चालकानं विचारलं, "तर माल किती जादा बसंल, साहेब?"

बापू उठले. गुडघ्यावरची धूळ झटकत म्हणाले, "मालाचा काय संबंध?"