फुकटाची कबुलायत

परमेश्वराच्या कृपेने मिळणारा वारा आणि पुढाऱ्यांच्या कृपेने मिळणारी आश्वासने यांखेरीज या जगात निखळ फुकट असे काही उरलेले नाही, हे ज्यांना अद्याप उमगले नसेल, त्यांनी डिसेंबर २०११ मधील एक प्रकरण अवश्य स्मरावे. संगणकजाळ्याच्या सुरक्षिततेची पाहणी करणारे ‘एनमॅप’ हे विनामूल्य साधन ‘डाउनलोड डॉट कॉम’ या भांडारातून घेणाऱ्यास त्या वेळी अशा वेष्टनात मिळे, की सवयीने संमतीची कळ दाबताच ब्राउझरमध्ये एक अनाहूत टूलबार मुक्कामास येई, शोधयंत्र बदले आणि मुखपृष्ठाचाही कब्जा परस्पर दुसऱ्याकडे जाई. पहारेकऱ्याच्याच गाठोड्यातून चोराने घरात शिरावे, असा हा दुर्मीळ योग! एनमॅपच्या कर्त्याने जाहीर तक्रार केली, तेव्हा भांडाराने दिलगिरी व्यक्त केली.

फुकटाच्या अशा व्यवहारात बळजबरीचा लवलेशही नसतो, हे मात्र मान्य केले पाहिजे: चौकटीतील खूण कोणी परोपकारी आधीच करून ठेवतो, नकाराची वाट फिकट अक्षरांत असते, आणि प्रत्येक संकेतस्थळावरील मजकूर वाचण्याचा व बदलण्याचा परवाना, ज्यात बँकेचे पानही आले, ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या एक्स्टेन्शनला आपणच बिनशर्त बहाल करतो. सबब, फुकट वस्तू मूळ कर्त्याच्या दारातूनच घ्यावी, आणि न मागता केलेली खूण दिसताच ती प्रथम पुसावी.