फोन-घड्याळाची सोयरीक

पूर्वी घड्याळ घेतलं की दुकानदारच काटे लावून द्यायचा. मनगट बारीक असेल तर पट्ट्याला एक जास्तीचं भोकही पाडून मिळायचं, तेही फुकट. माझ्या एचएमटीच्या ‘जनता’ला सकाळी दाढी झाली की चावी द्यायची, पुढचं तिचं ती बघायची. मुलीने वाढदिवसाला पाठवलेलं स्मार्टवॉच मात्र खोक्यातून बाहेर आलं तेच प्रश्न विचारत.

सोबतच्या माहितीपुस्तिकेत जगभरच्या भाषा होत्या, मराठी नव्हती. चष्म्यावर भिंग धरून वाचलं तेव्हा एवढंच कळलं, की सविस्तर माहिती ॲपमध्ये आहे.

ॲपला आधी ओटीपी हवा होता, मग माझा ठावठिकाणा, मग फोनमधले सगळे नंबर. आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा इतकी चौकशी करत नाही. जन्मसाल सांगायला एक चाक होतं, ते 2000 वर उभं. बोटाने मागे सारत निघालो. 1992 आलं: मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली ते साल. मग 1983, कपिलचा विश्वचषक. 1975, आणीबाणी. 1970 साली सिडको स्थापन झाली, म्हणजे ही अख्खी नवी मुंबई माझ्याहून लहान! या विचारात जरा थबकलो, तर चाक भर्रकन पुन्हा 2000 वर. उंचीवर वाद झाला नाही. वजनाच्या आकड्यात मात्र हिने मागून दुरुस्ती सुचवली.

मग फोन आणि घड्याळाची सोयरीक. वीतभर अंतरावर ठेवले तरी दोघं ओळख दाखवेनात. ब्लूटूथ हे डेन्मार्कच्या दहाव्या शतकातल्या हॅराल्ड राजाचं टोपणनाव. विखुरलेल्या टोळ्या त्याने एकत्र आणल्या म्हणून या तंत्राला ते दिलं. राजाला एकदा नेरुळच्या टॉवरमध्ये आणायला हवं होतं. ‘जवळची उपकरणं’ या यादीत माझं घड्याळ सोडून सगळी बिल्डिंग हजर: वरच्यांचा टीव्ही, कुणाचा साउंडबार, ‘अम्माज इअरफोन’. ही म्हणाली, “दुसऱ्यांच्या अम्माला हात लावू नका.”

शेवटी मुलीला फोन. “बाबा, दोन्ही बंद करून चालू करा.” एवढं शिकायला चार वर्षं इंजिनिअरिंगची फी भरली होती आम्ही. पण जुळलं! जुळल्याबरोबर अपडेट सुरू झालं आणि आम्ही जेवून घेतलं.

तेव्हापासून रोज 10,000 पावलांचा तगादा आहे. 1965 मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून हा आकडा जगभर पसरला. शिवाय घड्याळ मोजतं ते मनगटाचं हलणं, पायांचं नव्हे. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मार्केटमधून पायी आलो, तर त्याच्या लेखी मी जवळजवळ घरीच बसून. आणि सोसायटीच्या गणपतीपुढे एका जागी उभं राहून झांज वाजवली, तर पावलं धडाधड वाढली. वामकुक्षीत डोळा लागला रे लागला की ‘उठा, हालचाल करा’ म्हणून मनगट थरथरतं. हे आरोग्य नव्हे, निव्वळ मुकादमगिरी आहे.

तुमच्याकडेही असा आहेर येणार असेल, तर आधी त्याच्या सगळ्या सूचना बंद करा. आणि मंडईतून येताना दोन्ही पिशव्या उजव्या हातात धरा, घड्याळाचा डावा मोकळा हलवत चला.