मुख्य रेडर कोण, हे शेवटपर्यंत न ठरवण्याची पद्धत

हरणाऱ्या कॉलेजच्या कबड्डी संघाला मुख्य रेडर नसतो, असा एक गैरसमज आहे. खरे तर दोन असतात. गोंदिया जिल्ह्यात तर हमखास. एक तिरोड्याकडचा, उंच, हात लांब, बोनस घेण्यात पटाईत. दुसरा सालेकसाकडचा, बुटका, पायांत वीज, पण बोनस रेषेशी त्याचे जन्माचे वैर. यांतला एक निवडायला पाच मिनिटे पुरतात, आणि म्हणूनच निवडू नये. एकदा निवडला की हरण्याचे कारण शोधायला दुसरीकडे जावे लागते, आणि दुसरीकडे गेलात तर ते थेट तुमच्या टेबलापर्यंत येऊ शकते. सबब, समस्त क्रीडा शिक्षकांनी पुढील मार्गदर्शन जपून ठेवावे.

पहिली मदत धानाची घ्यावी. नागपूरहून विद्यापीठाचे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे पत्रक कधीही येवो, एक रेडर बांधीत असतोच. रोवणीच्या दिवसांत आले तर चिखलात, कापणीच्या दिवसांत आले तर हातात विळा. हलका धान निघाला म्हणून हुश्श करावे, तर भारी उभाच असतो. मुलाला फोन लावला की तो म्हणेल, “सर, मी त येतो, पण बाबा म्हणते धान पडला हाय.” यावर रागावू नये. यादीत त्याच्या नावापुढे पेन्सिलीने एक चांदणी काढावी. चांदणीचा अर्थ विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा. सरावाला पाय मुरगळलेला आपला रेडर मंडईच्या रात्री हॅलोजनच्या उजेडात गावच्या संघातून सलग चढाया करताना दिसेल, तोही अनवाणी, मातीवर, आणि दर चढाईला कोणाला तरी बाद करून. ओळख दाखवू नये. तिथे रोख बक्षीस असते, आपल्याकडे प्रमाणपत्र, आणि तेही प्राचार्यांची सही झाल्यावर.

धान आणि मंडईतून सुटलेला मुलगा पोलीस भरतीत अडकतो. १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे, गोळाफेक, मिळून ५० गुण. पहाटे रस्त्याने धावणाऱ्या पोरांत आपले दोन्ही रेडर दिसतील आणि दोघांचाही दम बघून आपला ऊर भरून येईल. पण पकडीचा सराव घ्या म्हटले की उत्तर ठरलेले: “गुडघा गेला त सगळंच गेलं, सर.” हे उत्तर खोडून काढता येत नाही. आपणही त्या वयात असतो तर हेच म्हटले असते.

निवड न करण्याच्या बाबतीत जग आपल्या पुढे आहे, हे मान्य करू. अमेरिकेतल्या कॉलेजांत त्यांच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. जवळजवळ प्रत्येक चढाई म्हणा, डाव म्हणा, त्याच्याच हातून पुढे जातो. तिथले काही प्रशिक्षक सामन्याआधीच्या यादीत त्या एका जागेवर दोन नावे लिहितात आणि मध्ये ‘किंवा’ घालतात. लठ्ठ पगाराच्या माणसाला जे परवडते ते आपल्याला का परवडू नये? नोटीस बोर्डावर लावून पाहावे. दोन्ही गावांचे पाहुणे खूश राहतात.

कबड्डीत तर सोय याहून मोठी आहे, कारण सातांपैकी कोणीही चढाईला जाऊ शकतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो. म्हणून पहिल्या रिकाम्या चढाईला तिरोडा पाठवावा. तो तीस सेकंद बॉक रेषेच्या अलीकडे-पलीकडे करून छान घाम गाळून परत येईल. दुसरीला सालेकसा. तिसरीला कोणीच नजर वर करत नाही. तेव्हा डाव्या कोपऱ्यात उभा असलेला बी.ए. प्रथम वर्षाचा पोरगा पाठवावा. तो चड्डीला हात पुसतो, मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावतो, आणि दुसऱ्या पावलाला त्याचा घोटा समोरच्याच्या दोन्ही हातांत असतो.

तो घोटा नीट बघून ठेवावा. नियम असा आहे की आपला रेडर बाद होऊन बाहेर बसला की त्याला परत आत आणण्यासाठी संघाने समोरच्याचा गडी मारावा लागतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी उठतो. म्हणजे रेडर बाहेर असताना कोपऱ्यातल्या गड्याने घोट्याची पकड केली तर तो आत येणार. आपल्या सरावात घोट्याची पकड शिकवलेली नसते. त्यामुळे निम्मा सामना दोन्ही मुख्य रेडर शेजारी शेजारी बसून पाहतात, आपल्यावर लोण चढतो, दोन गुण जादा जातात, आणि परतीच्या गाडीत चर्चा रंगते की सुरुवातीला तिरोडा पाठवायला हवा होता की सालेकसा. या चर्चेत कोपऱ्याचा विषय कोणी काढलाच, तर आमगाव येईपर्यंत झोपेचे सोंग घ्यावे. गाडी गोंदियालाच संपत असेल तर तिरोड्यापासून घ्यावे.

सोंग जमत नसेल तर भाषण करावे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, तिथून सुरुवात करून १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकापर्यंत सावकाश यावे. २०१८ आले की थांबावे, त्या वर्षी सुवर्णपदक इराणने नेले.

अहवालात ‘पंचांचे काही निर्णय’ हे शब्द असू द्यावेत. प्रवासखर्चाची बिले मात्र त्याच आठवड्यात द्यावीत, तिथे ‘किंवा’ चालत नाही.

राहता राहिला मूळ प्रश्न. तो एक दिवस आपोआप सुटतो. दोघांतला एक पोलिसांत लागतो आणि कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागतो: ‘आमच्या संघाचे आधारस्तंभ व मुख्य रेडर यांची निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. दोघेही लागले तर दोन फ्लेक्स करावेत. मजकूर एकच ठेवला तरी चालतो.